जुन्या स्कूटरच्या मागच्या चाकाचं गिअर ऑइल: कोणतं घ्यायचं, कसं बदलायचं

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये ऑइल दोन ठिकाणी असतं. एक इंजिनात. ते सगळ्यांना माहीत असतं आणि दर सर्व्हिसिंगला बदललंही जातं. दुसरं असतं मागच्या चाकाला लागून असलेल्या छोट्या गिअर केसमध्ये. या दुसऱ्या ऑइलचा विषय कोणी काढतच नाही. परभणी-नांदेड-लातूरकडे दहा-बारा वर्षांच्या स्कूटर दोन-तीन हात बदलून आजही रोज धावतात. त्यातल्या कितीतरी गाड्यांत हे ऑइल शोरूममधून निघताना भरलेलंच असतं, कारण मालकाने सांगितलं नाही आणि मिस्त्रीने विचारलं नाही. हे काम घरी करता येतं. पहिल्यांदा करणाऱ्याला तास लागेल, पुढच्या वेळी वीस मिनिटांत होईल.

आधी हे ऑइल करतं काय ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी का आहे ते कळेल. इंजिन फिरतं, त्याची ताकद पट्ट्याने मागच्या पुलीपर्यंत येते, तिथे क्लच आहे, आणि क्लचनंतर दातेरी चाकांच्या दोन जोड्या. या जोड्या वेग कमी करतात आणि जोर वाढवतात. त्यांच्यातूनच मागच्या चाकाचा आस बाहेर येतो. म्हणजे तुमचं, मागे बसलेल्याचं आणि पायाशी ठेवलेल्या गव्हाच्या पोत्याचं वजन ओढायची सगळी ताकद या चार दातेरी चाकांतून जाते. त्यांना भिजवायला ऑइल किती? बहुतेक गाड्यांत १०० ते १५० मिलीच्या आसपास. ना पंप, ना फिल्टर. दात झिजून निघालेली बारीक भुकटी त्याच ऑइलात फिरत राहते आणि बेअरिंगमध्ये जाते. ती बाहेर काढायचा एकच मार्ग आहे: ऑइल बदलणं. पट्ट्याचा कप्पा मात्र कोरडा असतो, तिथे ऑइलचा थेंबही जायला नको. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तुमच्या गाडीत हे ऑइल आहे का

अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर, अ‍ॅक्सेस, प्लेझर, जुनी कायनेटिक होंडा या सगळ्यांत आहे. जुन्या चेतकची गोष्ट वेगळी. तिच्यात चार गिअर, क्लच आणि मागच्या चाकाचा आस हे सगळं एकाच ऑइलात असतं. वेगळी चेन नाही, वेगळी गिअर केस नाही. आरएक्स १०० मध्ये टू-टी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारं) वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं, पण पुढे चाकापर्यंत चेन आहे. बुलेट, येझदी, स्प्लेंडर, सगळीकडे शेवटी चेनच. त्यामुळे मोटारसायकलवाल्यांनी हा लेख वाचून आपल्या गाडीचा कुठलाही बोल्ट खोलू नये. अपवाद शाफ्टवर, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्यावर चालणाऱ्या जुन्या परदेशी मोटारसायकलींचा, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या आर मालिकेच्या. त्यांच्या मागच्या चाकाजवळ खरोखरच वेगळी गिअर केस असते आणि काढण्या-भरण्याची रीत खालच्यासारखीच आहे. ऑइल मात्र वेगळं. त्याबद्दल पुढे.

कोणतं ऑइल घ्यायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला अधिकार गाडीच्या पुस्तकाचा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक वेळा मिळतं, किंवा गिअर केसवर बोल्टाजवळ मिलीचा आकडा कोरलेला असतो का ते बघा. होंडाच्या बऱ्याच स्कूटरना इंजिनचंच १०डब्ल्यू-३० ऑइल गिअर केसमध्येही चालतं. पियाजिओच्या व्हेस्पाला ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल लागतं. आता नवखा माणूस दचकतो: एकाला ३०, दुसऱ्याला ९०, मग दुसरं तिप्पट घट्ट?

नाही. इंजिन ऑइलचे आकडे आणि गिअर ऑइलचे आकडे या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला मोजलं तर इंजिनचं ४० नंबरचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (ऑइलचा दाटपणा मोजायचं एकक) या पट्ट्यात येतं, आणि गिअरचं ९० नंबरचं १३.५ ते १८.५ मध्ये. म्हणजे गिअरचं ९० हे इंजिनच्या ४०-५० च्या शेजारचंच. गिअरचं ८० तर इंजिनच्या २०-३० च्या आसपास बसतं. त्यामुळे दुकानदार म्हणाला, ‘९० नको, लई जाड होईल,’ तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पुस्तकात काय आहे ते बघा आणि तेच मागा.

दुसरी गोष्ट बाटलीवरच्या जीएल-४ आणि जीएल-५ या खुणांची. दातांवर प्रचंड दाब आला तरी धातूला धातू घासू नये म्हणून गिअर ऑइलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घालतात. जीएल-५ मध्ये ती जास्त, जीएल-४ मध्ये कमी. शाफ्टच्या मोटारसायकलीत किंवा जीपच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये ताकद काटकोनात वळते. तिथे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही, म्हणून जीएल-५ लागतं. स्कूटरचे दात तिरपे कापलेले पण सरळ रांगेतले असतात. त्यांना एवढं तिखट ऑइल लागत नाही. पुस्तकात ८०डब्ल्यू-९० असेल तर जीएल-४ उत्तम. जीएल-५ भरलं तरी बिनगिअरच्या स्कूटरची केस बिघडत नाही, कारण तिथे ऑइलात बुडालेला क्लच नाही. चेतकमध्ये आणि आरएक्स १०० मध्ये मात्र क्लच त्याच ऑइलात असतो. तिथे तिखट गिअर ऑइल ओतलं तर क्लच घसरायला लागतो. चेतकला साधं ३० नंबरचं (एसएई ३०) इंजिन ऑइल चांगलं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, म्हणून ‘जाड ऑइल घालू का?’ असं बरेच जण विचारतात. पुस्तकाने दोन पर्याय दिले असतील, जसं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०, तर आपल्या भागात खुशाल ४० घ्या. त्यापलीकडे जाऊ नका. विशेषतः ट्रॅक्टरसाठी आणलेलं १४० नंबरचं ऑइल स्कूटरमध्ये अजिबात नको. ते छोट्या बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही, गाडी जड पळते आणि ॲव्हरेज पडतं. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरचा कॅन असतोच आणि हात आधी तिकडे जातो. नंबर योग्य असला तरी गोठ्यात वर्षभर अर्धवट उघडा राहिलेला कॅन वापरू नका. त्यात फुफाटा आणि ओल दोन्ही गेलेलं असतं, आणि इथे तर फिल्टरही नाही.

१०० ते १२० मिलीच्या छोट्या बाटल्या स्कूटरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. नाहीतर इंजिन ऑइल बदलताना बाटलीत जे उरतं त्यातूनच काम भागतं, अर्थात पुस्तकाने तेच ऑइल सांगितलं असेल तर.

जवळ काय लागेल

गोटी पाना किंवा रिंग पाना. बऱ्याच गाड्यांना १२ नंबरचा बसतो, काहींना १० किंवा १४ चा. उघड्या तोंडाचा पाना आणि पक्कड घरातच ठेवा, त्यांनी बोल्टाचे कोपरे मारले जातात. औषधाच्या दुकानातून ५० किंवा ६० मिलीची मोठी सिरिंज आणि तिच्या टोकाला बसेल अशी वीतभर प्लॅस्टिकची नळी. ऑइल काढण्याच्या (ड्रेन) बोल्टाचा नवा वायसर, म्हणजे बोल्टाखालची चकती. हा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, किंमत किरकोळ, पण जुना एकदा दबलेला वायसर पुन्हा नीट बसत नाही. जुनं ऑइल धरायला पसरट डबा, सुती फडकी आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल पुसायला. मापाचं भांडं असेल तर उत्तम, नसेल तर सिरिंजवर मिलीच्या खुणा आहेतच.

काम सुरू

गाडी पाच-सात मिनिटं फिरवून आणा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाला बसलेला गाळ घेऊन बाहेर पडतं. उन्हाळ्यात दुपारी ही फेरी लागत नाही. मग सपाट फरशीवर मेन स्टँडला लावा. अंगणातल्या मातीत स्टँड एका बाजूला रुततो, गाडी कलते आणि पातळी चुकते. मातीच असेल तर खाली फळी घाला. इंजिन बंद, किल्ली खिशात.

आता मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला, आतल्या अंगाला वाका. गिअर केसवर दोन बोल्ट दिसतील: एक वर, मागच्या बाजूला, भरण्याचा किंवा पातळी बघण्याचा, दुसरा अगदी तळाशी, ऑइल काढण्याचा. इंजिनचा ड्रेन बोल्ट वेगळा आहे, तो पुढे इंजिनच्या पोटाशी असतो. या दोघांत गल्लत झाली तर इंजिन रिकामं आणि गिअर केसमध्ये दुप्पट ऑइल, अशी दोन्हीकडून वाट लागते. खात्री होत नसेल तर पुस्तकातलं चित्र मोबाईलवर उघडून शेजारी ठेवा. दोन्ही बोल्टांभोवतीची काळी माती ब्रशने आणि फडक्याने आधी काढा. आपल्याकडची पावसाळ्यातली माती वाळली की सिमेंटसारखी चिकटते. बोल्ट काढताना तिचा एक खडा आत पडला तर तो सरळ दातांत जातो.

मग वरचा बोल्ट आधी सैल करा. हा क्रम मोडू नका. तळाचा आधी काढला, ऑइल वाहून गेलं आणि मग कळलं की वरचा गंजून बसला आहे, हलतच नाही, तर कोरड्या केसची गाडी ढकलत गॅरेजला न्यावी लागेल. वरचा सहज निघाला की पुढे जायचं. निघत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. पान्याला पाइप लावून जोर करू नका. केस ॲल्युमिनियमची आहे.

वरचा उघडला की खाली डबा सरकवा आणि तळाचा बोल्ट काढा. शेवटचे दोन आटे हाताने फिरवा, बोल्ट आत दाबून धरा आणि झटकन बाजूला घ्या, म्हणजे तो डब्यात पडणार नाही. धार थांबली की चाक हाताने सावकाश फिरवा. इंजिन बंद असलं की क्लच सुटलेला असतो, त्यामुळे चाक मोकळं फिरतं आणि दातांना चिकटलेलं ऑइलही खाली येतं. हे कधीही इंजिन चालू करून करायचं नाही. दहा मिनिटं निथळू द्या. तेवढ्या वेळात बघायचं ते डब्यात.

काढलेलं ऑइल बघणं

माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि गॅरेजमध्ये घाईत तो राहून जातो. डबा उन्हात धरा.

नुसतं काळपट, वास साधा, बोटावर चोळलं तर चांदीसारखी बारीक चमक: ही वयाची झीज आहे. पहिल्यांदाच बदलत असाल तर एवढं दिसणारच. बोटाला टोचणारे कण किंवा नखाएवढा चपटा तुकडा मिळाला तर दाताचा टवका उडाला आहे. नवं ऑइल घालून तो भरून येत नाही, केस उघडावीच लागेल. सोनेरी-पितळी चमक जास्त असेल तर एखाद्या बेअरिंगची जाळी झिजत असू शकते. तेव्हा चाक हाताने फिरवून कान द्या. घरघर असेल तर बेअरिंग बदलण्याची तयारी ठेवा.

दुधाळ, चहासारखं ऑइल म्हणजे पाणी. हे आपल्याकडे नेमकं कसं शिरतं ते सांगतो. गिअर केसला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. दहा-पंधरा किलोमीटर आल्यावर केस तापलेली असते, आतली हवा फुगलेली. अशात ओढ्याच्या नळकांडी पुलावरून गुडघाभर पाणी वाहतंय आणि तुम्ही त्यातून गाडी घातली, तर केस एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि नळीतून, सीलच्या (आसाभोवतीच्या रबरी कड्याच्या) कडेने पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही दिसत नाही, गाडीही चालते. पण ओल्या ऑइलात बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही. म्हणून चाकाचा आस बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका, त्याच आठवड्यात ऑइल बदला. दुधाळ निघालं तर नवं भरून थोडं चालवा आणि तेही काढून पुन्हा भरा, कारण पहिल्या वेळी सगळं पाणी बाहेर येत नाही.

निघालेलं ऑइल मोजाही. पुस्तक १२० मिली सांगतं आणि डब्यात ६० च आलं, तर बाकीचं कुठेतरी गेलं आहे. मुख्य जागा दोन. एक, चाकाच्या आसाचं सील. तिथून गळलेलं ऑइल मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, लायनर भिजतात आणि ब्रेक लागत नाही. दुसरी, क्लचकडच्या शाफ्टचं सील. तिथून ऑइल पट्ट्याच्या कोरड्या कप्प्यात जातं, पट्टा घसरतो, गाडी रेस होते पण पळत नाही. माझी भाची लातूरला शिकायला आहे. तिने सेकंडहँड स्कूटर घेतल्यावर फोनवर एवढंच सांगितलं होतं, ‘मामा, मागचा ब्रेक दाबला तरी गाडी पुढेच जाते.’ मिस्त्रीने तोवर तार दोनदा आवळली होती. मी चाक काढलं, तर आत लायनर ऑइलने काळे चकचकीत. सील बदललं, ड्रम धुतला, नवे लायनर घातले. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत घालू नका. ऑइल त्यांच्या पोटात मुरतं आणि तापल्यावर पुन्हा वर येतं. ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको.

नवं ऑइल भरणं

तळाच्या बोल्टाचे आटे पुसा, नवा वायसर घाला आणि हाताने शेवटपर्यंत बसवा. हाताने बसत नसेल तर तो वाकडा चाललाय. काढा, पुन्हा सरळ लावा. मग पाना लावून घट्ट करा, पण पाना टोकाला न धरता बोल्टाजवळ धरा आणि मनगटाच्या ताकदीनेच ओढा. स्टीलचा बोल्ट जिंकतो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. आटे गेलेच तर टेफलॉनची पट्टी किंवा एम-सील लावून दिवस ढकलू नका. चांगला लेथवाला हेलिकॉइल (भोकात बसवायचे नवे स्टीलचे आटे) बसवून देतो, जालन्यात किंवा वाळूजला असे कारागीर सहज सापडतात.

वरच्या भोकात नळी घाला आणि सिरिंजने सावकाश भरा. नळी आत खोल गेली नाही तर ऑइल बाहेर ओघळतं आणि टायरवर येतं, म्हणून टायरवर फडकं टाकून ठेवा. पातळीचा बोल्ट असलेल्या गाडीत ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलं आणि बाहेर डोकावायला लागलं की थांबा. फक्त भरण्याचं भोक असेल तर पुस्तकातल्या आकड्याएवढंच मोजून घाला. पुस्तकात बहुतेक वेळा दोन आकडे असतात: एक नुसतं ऑइल काढून भरतानाचा, दुसरा केस पूर्ण उघडून जोडतानाचा. दुसरा १०-२० मिलीने जास्त असतो. आपल्याला पहिला हवा.

‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा समज इथे चालत नाही. जादा ऑइल दात घुसळतात, फेस होतो, आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून वाट काढून ब्रेकमध्येच जातं. जास्त झालं तर सिरिंजने ओढून घ्या.

भरून झालं की चाक पाच-दहा वेळा हाताने फिरवा, दोन मिनिटं थांबा, पातळी पुन्हा बघा, मग वरचा बोल्ट लावा. त्यालाही ओ-रिंग किंवा वायसर असतो. फुटला असेल तर बदला. सगळं पुसून कोरडं करा आणि टायरची कड, रिम आणि ब्रेकची पाटी खास तपासा. मग जवळपास एक फेरी मारा, आधी सावकाश, ब्रेक दाबून बघत. रात्री गाडीखाली वर्तमानपत्राचा कागद टाकून ठेवा. सकाळी डाग नसेल तर काम पक्कं. तळाच्या बोल्टाला ओल दिसली तर आणखी आवळू नका. वायसर तिरपा बसलाय का ते बघा.

किती दिवसांनी

कंपन्यांची अंतरं वेगवेगळी आहेत. काही वर्षांत सांगतात, काही किलोमीटरमध्ये. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाला हे ऑइल कधी बदललं ते सांगता येत नसेल, तर लगेच बदला, आणि पहिलं ऑइल फार घाण निघालं असेल तर हजारभर किलोमीटरने पुन्हा एकदा. त्यानंतर आपल्या भागात मी वर्षातून एकदा हा हिशोब धरतो, मग पुस्तकाने दोन वर्षं दिली असली तरी. शे-दीडशे रुपयांचं ऑइल, आणि न बदलल्यास बेअरिंग, सील, लेबर मिळून हजारांत जाणारा खर्च. वेळ निवडायची तर पावसाळा सरल्यावर, खंडेनवमीच्या आधी. पावसात काही पाणी शिरलं असेल तर ते बाहेर निघतं, आणि गाडी तशीही धुऊन-पुसून पूजेला तयार करायचीच असते.

जुनं ऑइल घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. गावाकडे ते बांधावर, उकिरड्यावर किंवा वाळवीसाठी खांबाच्या बुडाशी ओतायची सवय आहे. ते करू नका. काळ्या मातीतून पावसाच्या पाण्याबरोबर ते विहिरीत आणि बोअरमध्ये उतरतं, आणि आपल्याकडे पिण्याचं पाणी त्यातूनच येतं. मोठ्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा बॅरल असतो, तिथून ते पुनर्वापर करणारे घेऊन जातात. बाटली तिथे द्या.

बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा नंबर सीटखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा. गाडी पुढे कोणी घेतली तर त्याला तेवढं तरी वाचायला मिळेल.